न मोजलेले श्वास

एका राज्यात, जिथे ढग डोंगरांवर येऊन बसत आणि उठायचे विसरत, शूरध्वज नावाचा राजा राज्य करीत होता. रणात त्याने कधी पाठ दाखवली नव्हती. पण राणी चारुमतीला ज्वर जडला, वैद्यांनी मान खाली घातली, तेव्हा तो राजवाड्याच्या पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला.

"किती श्वास उरले?" त्याने विचारले.

"थोडे, महाराज," राजवैद्य म्हणाले.

'थोडे' हा शब्द राजाला सोसवला नाही. त्याने पालखी पाठवून दक्षिणेच्या अरण्यातून कृष्णजिव्ह मांत्रिकाला आणवले. त्याची जीभ काजळासारखी काळी होती आणि तो ज्याचे नाव घेई ते हजर होई. पाणी म्हटले की पाणी, अग्नी म्हटले की अग्नी.

"राणीला श्वास दे," राजा म्हणाला.

"किती?"

"कधी न सरतील इतके."

"मंत्राला संख्या लागते, राजा. ती मी सांगतो. परार्धाच्या परार्धपट, आणि त्याच्याही पुन्हा परार्धपट. इतके श्वास मी राणीला दिले. ते सरेपर्यंत या राज्यात दुसऱ्या कोणाला नवा श्वास मिळणार नाही."

शेवटचे वाक्य राजाने ऐकून न ऐकल्यासारखे केले. "मान्य," तो म्हणाला.

राणी मेली नाही. बरीही झाली नाही. अंगात ज्वर तसाच, डोळे उघडे, छाती वरखाली होत राहिली. राज्यात गर्भारणींचे दिवस भरले आणि उलटून गेले, पण वेणा आल्या नाहीत, गर्भ पोटातच थांबून राहिले. गाई व्यायल्या नाहीत. कोंबड्या अंड्यांवर बसून बसून उठून गेल्या. म्हातारे मात्र नेमाने मरत होते. एकेक घर विझत गावे ओस पडत चालली. पाळणे माळ्यावर गेले आणि बायकांच्या ओठांतून अंगाया गळून पडल्या.

राजाची एकुलती मुलगी कुमुद्वती शाप पडला तेव्हा रांगत होती. तिच्याहून लहान असे त्या राज्यात फारसे कोणी नव्हते. ती आईच्या उशाशी वाढली. आईचे ओठ ओले करणे, कूस बदलणे, पाठीवरच्या जखमा धुणे, हाच तिचा खेळ आणि हेच तिचे शिक्षण.

ती उपवर झाली. एका दुपारी, वर्षानुवर्षे न बोललेली राणी बोलली.

"कुमुद, मी थकले गं."

"आई, काय करू मी?"

"मला मार असे म्हणत नाही. मला संपू दे."

कुमुद्वती उठली ती सरळ राजाकडे गेली.

"तात, मी मांत्रिकाकडे जाते. शाप सोडवून येते."

"तो शाप नाही," राजा म्हणाला. "ती तुझी आई आहे."

तिने त्याचे पाय शिवले. त्याने पाय मागे घेतले. ती निघाली.

अरण्यापलीकडे रुंद, रेताड नदी होती आणि तिच्या काठी कृष्णजिव्हाची गुहा. गुहेसमोर वाळूत एक करकोचा एका पायावर उभा होता.

"मागे फिर, मुली," करकोचा म्हणाला.

"तू कोण?"

"तुझ्या बापाचा राजगणक, सोमदत्त. तू अंगणात रांगत होतीस, तेव्हा मी शाप सोडवायला इथे आलो. मांत्रिक तीन कामे देतो. तिसऱ्याला मी खोटे बोललो."

"काय बोललास?"

"ते सांगायची मला मुभा नाही. तुझ्या ओठांवर येईल तेव्हा तुला कळेल."

कृष्णजिव्ह गुहेतून बाहेर आला. म्हणाला, "राजकन्ये, मी सांगेन ते मोजायचे. खोटे बोललीस तर पक्षी होशील. तिन्ही वेळा खरे बोललीस तर मला एक प्रश्न विचार. त्याचे उत्तर मला द्यावेच लागेल, जीभ तुटली तरी."

पहिले काम, टोपलीभर राळे. कुमुद्वतीने पदर पसरला आणि दाणा दाणा वेगळा केला. टोपली रिकामी झाली, तिने संख्या सांगितली. मांत्रिकाने मान हलवली.

दुसरे काम, सांजवेळी तळ्यावरून जाणारी पाखरे. ती मान वर करून उभी राहिली. अंधार दाटला तेव्हा तिने संख्या सांगितली.

"आणि अंधारात गेली ती?"

"ती मला दिसली नाहीत. त्यांची संख्या माझ्याजवळ नाही."

मांत्रिकाच्या कपाळावर आठी पडली, पण ती खोटे बोलली नव्हती.

तिसरे काम, नदीची वाळू.

कुमुद्वती पात्रात बसली. कण उचलायचा, बाजूला ठेवायचा, पुढचा उचलायचा. उन्हाने पाठ सोलली. बोटांची टोके झिजली, त्यांवरच्या रेषा पुसल्या. ऋतू आले आणि गेले, तिच्या भांगात पांढरे केस आले. मग एका पावसाळ्यात नदीला लोंढा आला आणि मोजलेला ढीग न मोजलेल्यात मिसळून गेला. एवढ्या तपात पहिल्यांदाच ती मोठ्याने रडली. तिच्या ओठांवर एक शब्द आला. तो म्हटला असता तर सगळे संपले असते, पाठ टेकता आली असती, डोळे मिटता आले असते.

करकोचा तिच्याकडे पाहत होता. तिने ओठ घट्ट मिटले आणि ती गुहेकडे गेली.

"सांग, कण किती?"

तिने आपली संख्या सांगितली. ती फार मोठी नव्हती.

"एवढीच वाळू?"

"मी एवढीच मोजली. बाकी वाळू आहे, पण तिची संख्या कोणी केलेली नाही."

"मग अनंत म्हण."

"नाही म्हणणार. दमलेल्या माणसाला तो शब्द सुचतो. मी दमले आहे, म्हणून मलाही सुचला. पण तो मी मोजलेला नाही."

कृष्णजिव्ह वाट पाहत राहिला. तिला पंख फुटले नाहीत, चोच आली नाही.

"विचार तुझा प्रश्न," तो अखेर म्हणाला.

"पाण्याचे नाव घेता तेव्हा कुठेतरी पाणी असते, ते येते. माझ्या आईला जे श्वास दिलेत, त्यांच्या नावामागे काय आहे?"

"संख्या आहे."

"ती कोणी मोजली?"

"मोजायची काय गरज? तिला नाव आहे."

"नाव मी ऐकले आहे. मला संख्या दाखवा."

मांत्रिकाने हसण्यासाठी तोंड उघडले, पण हसू बाहेर आले नाही. उत्तर देणे त्याला भाग होते. तो शिळेवर बसला आणि म्हणाला, "एक."

तो मोजत राहिला. थांबला असता तर मंत्र पडला असता, म्हणून तो जेवला नाही, झोपला नाही. प्रत्येक अंक त्याच्या आयुष्यातून थोडे घेऊन जाई. आधी त्याचे दात गेले, मग नजर. हिवाळ्यात त्याच्या खांद्यांवर दहिवर साचू लागले. कुमुद्वती समोर बसून ऐकत होती. ज्याच्यामुळे तिचे बालपण आईच्या जखमा धुण्यात गेले, तो तिच्यासमोर पानासारखा वाळत होता, आणि तिला आनंद होत नव्हता. एका पहाटे तिने त्याच्या तोंडाशी पाण्याची ओंजळ नेली. त्याने मान फिरवली. पाणी प्यायला अंक थांबवावा लागला असता.

मग एकदा, दोन अंकांच्या मध्ये, त्याने विचारले, "राजकन्ये, एक अंक म्हणायला मला किती वेळ लागतो?"

अंक आता लांबलचक झाले होते. कोटी, लक्ष, सहस्र, शत असे करीत एकेक उच्चारताना त्याला धाप लागत होती.

"तेवढ्यात आई पुष्कळ श्वास घेते," ती म्हणाली. खोटे बोलणे तिला जमले नाही.

"म्हणजे मी तिला गाठणार नाही."

"नाही."

"पण ती संख्या आहे ना गं? कुठेतरी?"

कुमुद्वतीने नदीकडे पाहिले. "मला ठाऊक नाही, बाबा. मी तिथे गेलेले नाही. तुम्हीही गेलेला नाहीत."

कृष्णजिव्हाने पुढचा अंक म्हणायला ओठ विलग केले. अंक आला नाही, मंत्र पडला. त्याची काळी जीभ राखेसारखी पांढरी पडली, आणि शिळेवर मूठभर भस्म उरले.

करकोच्याने दुसरा पाय खाली टेकला. तो पाय माणसाचा होता. म्हातारा सोमदत्त थरथरत वाळूत उभा होता. कुमुद्वतीने आपली शाल त्याच्या अंगावर घातली आणि दोघे राज्याच्या वाटेला लागले.

शिवेवरच्या पहिल्याच गावात त्यांना रडे ऐकू आले. कोवळे, रागावलेले रडे. एका झोपडीपुढे म्हाताऱ्या बायका जमल्या होत्या; आत वर्षानुवर्षे अडलेली एक गर्भारीण बाळंत झाली होती. बाळाला कसे धरायचे तेच त्यांना आठवत नव्हते. "नाळ कशाने कापायची गं?" एकीने विचारले, आणि सगळ्या एकदम रडू लागल्या. कुमुद्वती तिथेच खाली बसली. आपली आई गेली, हे तिला कळले.

ती राजवाड्यात पोचली तेव्हा राणीचे डोळे मिटलेले होते. इतक्या वर्षांत ते मिटलेले कोणी पाहिले नव्हते. राजा मंचकाजवळ बसला होता. त्याने मुलीच्या पांढऱ्या केसांकडे पाहिले आणि तिला ओळखायला त्याला वेळ लागला.

"तू तिला मारलेस," तो म्हणाला.

"तात, तिचे श्वास केव्हाच सरले होते. जे उरले होते ते कोणाचेच नव्हते."

"मला अजून थोडे हवे होते."

"होय," ती म्हणाली. "मलाही."

बाहेर नगरात दाया धावत होत्या, एका घरून दुसऱ्या घरी, उघड्या डोक्याने. गोठ्यांतून हंबरणे येत होते. शेवटी राजाने हात पुढे केला आणि कुमुद्वतीने त्याला धरून उठवले. चिता त्याने स्वतःच्या हाताने रचली, लाकडावर लाकूड ठेवून, कोणाची मदत न घेता.

सुतक फिटल्यावर त्याने मुकुट मुलीला दिला आणि तो वनात गेला. कुमुद्वतीने राज्य केले. तिला मूल झाले नाही, तेवढे वय वाळूतच सरले होते. पण तिच्या राज्यात माणसे पुन्हा जन्मू लागली आणि आपल्या वेळी मरू लागली, आणि ती गेली तेव्हा लोकांनी तिच्यासाठी एक श्वासही जास्त मागितला नाही. ज्यांनी हे पाहिले तेही गेले, आणि ज्यांनी ऐकले त्यांच्यापर्यंत ही गोष्ट आली.