पायाची भरपाई

फार पूर्वी करवंदीच्या रानात सुगी आली, की प्रत्येक प्राणी ओंजळभर दाणे वडाच्या ढोलीत टाकी. कुणी जायबंदी झालं, तर त्याला त्यातून भरपाई मिळे.

"मी कधी पडले का? मग ओंजळ कशाला?" असं म्हणत भुरी खारीनं सगळ्यांना पटवलं आणि वाटा चिमटीवर आणला.

त्याच हिवाळ्यात फांदी मोडून भुरी पडली, पाय कायमचा गेला. ढोली राखणाऱ्या साळिंदरानं तिच्यापुढे पाच-सहा दाणे ठेवले.

भुरीचे डोळे विस्फारले. "अख्ख्या पायाचे एवढेच?"

"होतं नव्हतं ते सगळं दिलं, बाई," साळिंदर मान खाली घालून म्हणालं.

भुरीनं मागं पाहिलं. पंख मोडलेला होला आपल्या पाळीची वाट पाहत उभा होता.