पंचांचं सोपं वचन

आमच्या मंडळीतल्या उजागरे पंचांचा ताठा असा, की चर्चच्या दारानंही त्यांना बघून आपोआप उघडावं. त्यांनी नियम केला: बायकांच्या वर्गात बायबलातली फक्त सोपी वचनं शिकवायची, कठीण वचन बायकांपुढे उघडायचंच नाही. झालं! दर गुरुवारी तीच हरवलेल्या मेंढराची गोष्ट. ते इतक्यांदा हरवलं, की वाटायचं, बांधा मेल्याला दोरीनं!

आमचा वर्ग घ्यायची एस्तेरबाई पाटोळे. त्या महिन्यात वर्गातल्या शेवंताचा तरणा पोरगा गेला. "देवानं असं का केलं?" एवढंच ती विचारायची. तिच्यासाठी एस्तेरबाईनं धीर करून बायबलातलं कठीण ईयोबाचं पुस्तक उघडलं; त्याचीही लेकरं अशीच गेली होती.

तेवढ्यात पंच आत आले. "मिटा ते, नाहीतर वर्ग बंद! बायकांनी मंडळीत गप्प बसावं असं लिहिलंय शास्त्रात, वाचलं नाही का?"

"वाचलं की," एस्तेरबाई म्हणाली. "पण पंच, हे वचन सोपं का कठीण?"

"सोपं! शेंबड्या पोरालाही कळेल."

"मग पुढल्या गुरुवारी 'गप्प बसावं' हेच मोठ्यानं बोलून शिकवते. सोपं शिकवायला तुमचीच परवानगी आहे."

बायका तोंडाला पदर लावून खिदळल्या. पंच गडबडले. "छे छे! फार कठीण आहे ते. तुम्हाला नाही झेपायचं."

"अगंबाई, कठीण? मग बायकांपुढे उघडलंत कशाला? नियम तुमचा आणि मोडलात तुम्हीच. मिटा बरं ते!"

पंच आले तसे तरातरा बाहेर गेले. हसून हसून आमची पोटं दुखली, शेवंतासुद्धा हसली.

एस्तेरबाई तिला म्हणाली, "सरक इकडं. तुझा प्रश्न ईयोबानंही विचारलाय."