अवेळची घंटा

वसईतल्या एका गावच्या चर्चची घंटा चाळीस वर्षं इनासकाकाच वाजवत. ती देवासाठी, पुढाऱ्यांसाठी नाही, हा त्यांचा बाणा.

निवडणुकीच्या तोंडावर उमेदवार रणजीतराव भर दुपारी कार्यकर्त्यांसह चर्चमध्ये घुसले. "माझी मिरवणूक वेशीवर आलीय. घंटा वाजवा, सगळा गाव जमला पाहिजे. नाहीतर निवडून आल्यावर ही घंटा कायमची बंद करीन."

काकांनी शांतपणे दोर हातात घेतला. "वाजवतो की, साहेब. गाव धावत येईल. पण प्रार्थनेची वेळ नसताना आम्ही घंटा वाजवतो ती कोणी वारलं तरच. लोक आल्या आल्या विचारतील, कोण गेलं? मी कोणाचं नाव सांगू?"

रणजीतरावांनी स्वतःच्या हाताने काकांच्या मुठीतून दोर सोडवला.