गैरहजर देशाचा मुद्दा

“मग मॅडम, मी नक्की कोणता नियम मोडला?”

“एकही नाही,” नेरूरकर मॅडम म्हणाल्या.

शार्दूल किणीकर टेबलासमोर उभाच राहिला. आंतरराष्ट्रीय व्यापार कायद्याच्या एलएलएमच्या वर्गात तो पहिला होता, आणि ते त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं. करारांची कलमं तो तळटीपांसकट म्हणून दाखवायचा.

त्या दुपारी वर्गात सरावाच्या वाटाघाटी झाल्या होत्या. चार देश, मासेमारीच्या अनुदानांवरचा एक करार, आणि एकाच वेळी दोन खोल्यांत दोन बैठका. प्रत्येक देशाकडून दोन विद्यार्थी. छोट्या बेटांच्या देशाकडून मात्र मिरजेची मेहजबीन तांबोळी एकटीच होती. तिच्या जोडीदाराला डेंग्यू झाला होता.

ती दुसऱ्या खोलीत बोलत असताना शार्दूलने या खोलीत मसुदा बदलून घेतला. बोटींच्या डिझेलवरचं अनुदान बंद करायला छोट्या देशांना सात वर्षं मिळणार होती. त्याची दोन झाली. अध्यक्षाने तीनदा विचारलं, कुणाची हरकत आहे का?

कुणी बोललं नाही.

“हजर असलेल्यांपैकी कुणी उघड हरकत घेतली नाही, तर सहमती झाली असं धरायचं. असंच आहे ना?”

“असंच आहे.”

मॅडमनी गुणांचा कागद पुढे ओढला आणि त्याच्या नावासमोर लिहिलं : पन्नासपैकी पन्नास.

शार्दूलला बरं वाटलं. पण त्याचा पाय निघेना. इतके गुण देणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर थोडं तरी कौतुक असतं...

“मेहजबीन खोलीत असती तर काय म्हणाली असती?” मॅडमनी विचारलं.

“विरोध केला असता.”

“कशाच्या जोरावर?”

“ते मला कसं कळणार? ती तिथे नव्हतीच.”

“म्हणजे न ऐकलेला मुद्दा तू खोडलास.”

“मॅडम, जिनिव्हात जागतिक व्यापार संघटनेत तुम्ही सोळा वर्षं सरकारची बाजू मांडलीत. तुम्ही वेगळं काय केलं असतंत?”

मॅडम उठल्या. कपाटातून त्यांनी एक जाड वही काढली आणि मधलं एक पान उघडून त्याच्यापुढे ठेवलं.

पाठवलेल्या पत्राची कार्बन प्रत होती. निळी अक्षरं फिकटली होती, तरी वाचता येत होती. फळांवरच्या औषधफवारणीच्या नियमांची बैठक, कोण काय बोललं, कुठल्या ओळीत कोणता शब्द बदलायचं ठरतंय... सगळं इंग्रजीत, मॅडमच्या हातचं. वर एका परदेशी बाईंचं नाव होतं.

“या कोण?”

“तिच्या देशाची जिनिव्हातली एकुलती एक अधिकारी. एकाच वेळी तीन बैठका असल्या की दोन चुकायच्या.”

शार्दूल खालपर्यंत वाचत गेला. शेवटच्या ओळी त्याने दोनदा वाचल्या. तुमच्या देशाला सवलत देऊ नये असं मी आज बोलले, असं तिथे लिहिलं होतं. उद्या चार वाजता पुन्हा चर्चा आहे, तुम्ही या.

“तुम्ही तिच्या विरोधात बोललात...”

“हो. तेच माझं काम होतं.”

“आणि तिला कळवलंत?”

“बैठक सगळ्यांना खुली होती. तिच्याकडे फक्त दुसरं माणूस नव्हतं.”

“मग ती आली?”

“आली.”

“आणि?”

मॅडमनी वही मिटली आणि कपाटात ठेवली.

संध्याकाळी शार्दूल ग्रंथालयात बसला. आपल्या खोलीत झालेली सगळी चर्चा त्याने आठवून आठवून लिहिली, पाच पानं भरली. स्वतःची वाक्यं लिहिताना त्याला दोनदा पेन खाली ठेवावंसं वाटलं. तो लिहीत राहिला.

सकाळी कॅन्टीनमध्ये त्याने ती पानं मेहजबीनच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली.

“हे काय?”

“काल तू नव्हतीस तेव्हाचं. आज मी ते कलम पुन्हा चर्चेला घ्यायला सांगणार आहे.”

तिने पानं चाळली. “म्हणजे तू माघार घेतोयस?”

“नाही. दोन वर्षांसाठीच भांडणार आहे.”

चहा बाजूला सारून मेहजबीन पहिल्या पानापासून वाचायला लागली.

अकरा वाजता चर्चा सुरू झाली. शार्दूल आधी बोलला, अर्धा तास, आणि काहीही हातचं न राखता. मग मेहजबीन उठली. तिच्या हातात एकच कागद होता.

“अनुदान बंद करायचं तर आधी बोटी मोजाव्या लागतील,” ती म्हणाली. “आमची बेटं सत्तावीस. बंदर खात्यात माणसं चार. दूरच्या बेटांवर जहाज सहा आठवड्यांनी जातं, वादळाच्या महिन्यांत जातही नाही. दोन वर्षांत आमच्या बोटींच्या याद्याच जेमतेम पुऱ्या होतील. तुम्ही आम्हाला जे बंद करायला सांगताय ते कुणाला मिळतंय, हे आम्हाला तिसऱ्या वर्षी कळेल.”

तिने कागद टेबलावर ठेवला.

“सही मी आजही करीन,” ती पुढे म्हणाली. “पण ती खोटी सही असेल, आणि तुम्हालाही ते माहीत असेल.”

शार्दूलने मसुद्याकडे पाहिलं. एकूण एक कलम त्याला पाठ होतं. पण त्यातलं एकही वाचताना बोटी कोण आणि कशा मोजणार, याचा विचार त्याने केला नव्हता.

मतं फिरली. सात वर्षांवर सहमती झाली. चारही देशांनी सह्या केल्या.

दुपारी तो मॅडमच्या खोलीत आला. या वेळी न सांगता खुर्चीवर बसला.

“हरलो,” तो म्हणाला.

“ऐकलं मी.”

“मॅडम, तिने ते कसं मांडलं...” आणि तो सांगू लागला. बेटं, जहाज, वादळाचे महिने, याद्या. मेहजबीन कुठे थांबली, कोणता आकडा तिने कधी काढला, सगळं. एवढा वेळ तो दुसऱ्या कुणाबद्दल बोलतोय हे मॅडम पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं.

सांगून झाल्यावर त्याने खुर्ची टेबलाजवळ ओढली.

“पुढच्या महिन्यात शेतमालाच्या करारावर पुन्हा आम्ही दोघं समोरासमोर आहोत,” तो म्हणाला. “ती पुन्हा असंच काहीतरी आणणार. त्याला उत्तर कसं द्यायचं, ते मला शिकवाल?”

“मी नाही,” मॅडम म्हणाल्या. “तिलाच विचार.”