प्रिय ग्राहकाचं नाव

चिपळूणच्या मालिनीबाई रेडीज एकट्या राहत. पैसे पाठवायच्या एका कंपनीतलं ऑनलाइन खातं अजून त्यांच्या दिवंगत यजमानांच्याच नावावर होतं. एका दुपारी त्या कंपनीच्या नावाने ईमेल आला: 'प्रिय ग्राहक, आपलं खातं आज बंद होईल. खालची लिंक दाबून पासवर्ड भरा.' बाईंनी लिंक दाबली नाही. मग फोन आला.

"मुख्य अधिकारी बोलतोय. मेल वाचून गप्प बसलात? उद्या रडत येऊ नका. पासवर्ड सांगा."

"पासवर्डचं बघू, साहेब. आधी खातं कुणाच्या नावावर आहे ते सांगा."

"तुम्हीच सांगा."

"मी नवऱ्याचं नाव घेत नाही. तुमच्याकडे नोंद असेलच. खरी कंपनी दर मेलच्या सुरुवातीलाच त्यांचं नाव लिहिते."

साहेबांचा आवाज चढला. "नावाशी काय करायचंय तुम्हाला?"

"ते गेल्यापासून या घरात ते नाव कुणी उच्चारलेलं नाही," बाई म्हणाल्या. "तुमची लबाडी मला मेल उघडताच कळली होती. निदान तुमच्या तोंडून तरी ऐकायला मिळेल, म्हणून फोन ठेवला नाही."

पलीकडून फोन बंद झाला. बाईंनी कंपनीचा जुना, खरा मेल उघडला आणि त्याची पहिली ओळ मनातल्या मनात वाचली.