बहुरूप्याकडे इंग्रजीचा तास

“आणि तो कधी चिडत नाही?” रायभानबाबाने विचारलं.

“कधीच नाही,” शिवकन्या म्हणाली. “शंभरदा चुकलं तरी शंभरदा समजावतो. डॉक्टर हो म्हटलं की डॉक्टर. बँकेतला साहेब हो म्हटलं की साहेब. मग मी त्याच्याशी इंग्रजीत बोलते.”

“म्हणजे आमच्याच धंद्यातला. कुठल्या गावचा?”

शिवकन्येने फोन वर करून दाखवला.

रायभानबाबा म्हणजे चिंचटेकचा म्हातारा बहुरूपी. तरुणपणी फौजदाराचं सोंग घेऊन दारात उभा राहिला की चोर तर सोडाच, चोराचे शेजारीही कबुली देऊन मोकळे व्हायचे. एकदा रेल्वेचा साहेब बनून त्याने नुसती भुवई उचलली, तर न थांबणारी गाडी थांबली म्हणतात. गाडी मालाची होती की माणसांची, एवढ्यावरच गावात मतभेद आहेत.

शिवकन्या बी. ए. झालेली. गावात इंग्रजी बोलायला दुसरं कोणी नाही, म्हणून उन्हाळाभर फोनमधल्या चॅटबॉटशी बोलत बसली. आता तिचं इंग्रजी असं वाहायचं की म्हशी रवंथ करायच्या थांबत, आणि हे ती स्वतःच गावभर सांगत फिरायची.

गेल्या महिन्यात मात्र तालुक्याच्या दवाखान्यात, रिसेप्शनवरच्या नोकरीसाठी ती मुलाखतीला गेली. साहेबाने चष्म्यावरून पाहिलं आणि सगळं इंग्रजी पोटात जाऊन बसलं. मार्क चांगले म्हणून त्यांनी उद्या पुन्हा बोलावलं होतं. शेवटचं.

“शिकायचं तसं काही उरलेलं नाही, बाबा,” ती म्हणाली. “फक्त भीती जायचा मंत्र द्या.”

बाबा उठून आत गेला.

बाहेर आला तो साहेब. अंगात कोट, नाकावर चष्मा, ओठावर दाट मिशी. बाजेवर असा बसला की बाजेची खुर्ची झाली. चष्म्यावरून त्याने तिच्याकडे पाहिलं.

“येस?”

त्याला इंग्रजी येत होतं ते एवढंच.

शिवकन्येने तोंड उघडलं... आणि मिटलं. हा रायभानबाबा आहे, याने लहानपणी आपल्याला कडेवर खेळवलंय, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्या हातापायांना कोणी सांगितलं नव्हतं.

बाबाने मिशी काढली. तिला वाक्यं आठवली.

बाबाने मिशी लावली...

वाक्यं गेली.

मग त्याने मिशी काढून तिच्याच ओठावर चिकटवली. कोट दिला, चष्मा दिला, आणि बाज मोकळी करून खाली जमिनीवर बसला.

“आता फोनला सांग, नोकरी मागायला आलेली पोरगी तू हो. साहेब शिवकन्या.”

तिने सांगितलं. फोन एका क्षणात पोरगी झाला आणि गरिबासारखा गुड मॉर्निंग म्हणाला.

शिवकन्येने चष्म्यावरून फोनकडे पाहिलं. आधी एक-दोन शब्दांना अडखळली. मग सुटलीच. उशीर का झाला, पेशंट अंगावर आला तर काय करशील, डॉक्टर जागेवर नसतील तर काय सांगशील, सगळं इंग्रजीत. फोन बिचारा प्रत्येक उत्तराआधी सॉरी म्हणू लागला. कुंपणापलीकडून चाललेल्या ग्रामसेवकाने मोटारसायकल बंद केली आणि आवाज न करता ढकलत नेली.

शेवटी तिने मिशी सोडवली. ओठ चुरचुरत होता आणि हसू काही आवरत नव्हतं. हसता हसता ती एकदम थांबली.

“पण बाबा, हे सोंग झालं. उद्याचा साहेब तर खरा असणार...”

बाबा मिशी चिकटवायच्या डिंकाची वाटी धूत होता.

“खरा?” तो म्हणाला. “ते त्याच्या बायकोला विचारावं लागेल.”