चित्रकाराची गोगलगाय

फार पूर्वी, पाऊस जिथे वाट चुकूनच येई अशा एका कोरड्या मुलखात एक राजचित्रकार होता. हात मोठा कसबी आणि मान त्याहून ताठ. 'मला ठाऊक नाही' हे शब्द त्याच्या तोंडून कधी कोणी ऐकले नव्हते.

राजाचं लग्न ठरलं. नवी राणी कोकणातली. तिला माहेरची आठवण येऊन रडू येऊ नये, म्हणून राजाने तिच्या महालाच्या भिंतीवर तिच्या मुलखातले प्राणी काढायला सांगितले. चित्र तिच्या मनास आलं नाही, तर राजचित्रकाराची पगडी जाणार होती.

बगळा झाला, बेडूक झाला. राहिली गोगलगाय. ती त्याने जन्मात पाहिली नव्हती.

बायको म्हणाली, "अहो, राणीसाहेबांच्या माहेरची माणसं धर्मशाळेत उतरलीत. त्यांना विचारा की."

"राजचित्रकाराने गाय कशी असते ते विचारायचं? लोक तोंडात शेण घालतील."

नावातच गाय, म्हणून त्याने गाय काढली. 'गोगलगाय आणि पोटात पाय' ही म्हण आठवली, म्हणून चारही पाय पोटाच्या आत घडी करून दाखवले. तिच्या पाठीवर घर असतं असं कुठेसं ऐकलं होतं. मग कौलारू घर चढवलं आणि अंगणात तुळसही लावली.

दरबाऱ्यांनीही गोगलगाय पाहिली नव्हती, पण तसं म्हणणार कोण? सगळ्यांनी चित्र हुबेहूब ठरवलं. प्रधान तर म्हणाले, त्यांच्या मामांकडे अशीच एक होती, दोन्ही वेळा शेरभर दूध द्यायची.

राणी आली. भिंतीवर आपलं काही सापडतं का ते आशेने पाहू लागली आणि गायीपाशी थबकली.

"ही कोण?"

प्रधानांनी चित्रकाराच्या कानाशी लागून सुचवलं, आमच्याकडची जात निराळी, असं सांगून टाक. पण राणीचे रडून सुजलेले डोळे पाहून चित्रकाराला स्वतःची लाज वाटली. त्याने आपणहून पगडी उतरवली.

"राणीसाहेब, ही गोगलगाय. मी ती कधी पाहिली नाही, आणि विचारायला कमीपणा वाटला."

राणी हसत सुटली. माहेर सोडल्यापासून ती प्रथमच हसत होती. तिने पगडी त्याला परत घालायला लावली आणि गाय भिंतीवर तशीच राहू दिली.

प्रधानांच्या मामांच्या दुधाची गोष्ट तिच्या कानावर आली होतीच. मग माहेरच्या अळूच्या रोपाला चिकटून आलेली एक खरी गोगलगाय तिने पानासकट प्रधानांच्या हातावर ठेवली. "मामांकडे सवय आहे ना? मग हिची धार तुम्हीच काढा."

प्रधान तांब्या घेऊन बसले, ते अजून बसलेलेच आहेत म्हणतात.

तात्पर्य: ठाऊक नाही ते विचारलं तर मान घटकाभर खाली जाते, ठोकून दिलं, तर गोगलगायीची धार काढायची पाळी येते.